सेर्मांवला धक्का न लावता

गोव्यात, बार्देशातल्या एका चर्चमध्ये कीबोर्ड आणि लॅपटॉप तिथल्या साउंडला जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं ते नाटकांमुळे. फोंड्याच्या भागात देवळांच्या उत्सवी नाटकांना मी कीबोर्ड वाजवतो, आणि आमच्याकडे वाजवणाऱ्याला वेळप्रसंगी साउंडही सांभाळावा लागतो. चर्चच्या कोयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गाणारा माझा एक मित्र हे सगळं बघून होता. फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, जवळ आलं होतं, त्याआधीचे नोव्हेनाच्या प्रार्थनांचे नऊ दिवस होते, आणि कोयरला शिकवणाऱ्या त्यांच्या मेस्तांना ऑर्गनचा आवाज हवा होता. म्हणजे खऱ्या नळ्यांच्या ऑर्गनचा. कीबोर्डमधला ‘चर्च ऑर्गन’ त्यांना मुळीच पसंत नव्हता. “हो सर्कशीचो ऑर्गन,” असं ते म्हणायचे, आणि कान उघडा ठेवला तर त्यात खोटं काही नव्हतं.

मित्राने यावर तोड काढली होती. ग्रँडऑर्ग नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. खऱ्या ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज ध्वनिमुद्रित केलेला असतो, तो लॅपटॉपच्या मेमरीत चढवायचा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांनी वाजवायचा. त्याच्या घरी हेडफोनवर ते ऐकलं तेव्हा मीही थोडा वेळ गप्प बसलो. प्रश्न एवढाच होता, की हे चर्चमधल्या स्पीकरमधून कसं काढायचं?

फादरनी सुरुवातीलाच दोन अटी घातल्या. पहिली, लॅपटॉपने आपोआप काही वाजवायचं नाही. तयार ट्रॅक लावायचा आणि वर माणसांनी गायचं, हे मीसेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, चालणार नाही. रोमहून १९५८ मध्ये आलेल्या पवित्र संगीताबद्दलच्या सूचनेतच फोनोग्राफ, टेपरेकॉर्डर अशा स्वयंचलित यंत्रांना उपासनेत मनाई केली आहे, असं त्यांनी सांगितलं. माणूस बोटांनी वाजवत असेल तर आवाज लॅपटॉपमधून येवो की आणखी कशातून, त्यांची हरकत नव्हती. दुसरी अट माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची होती: “सेर्मांव आज जसो आयकूंक येता, तसोच आयकूंक येवंक जाय.” सेर्मांव म्हणजे प्रवचन, त्याच्या आवाजाला हात लावायचा नाही.

पुढचं सगळं काम या दुसऱ्या अटीभोवतीच फिरलं. चर्चचा साउंड बोलण्यासाठी बसवलेला असतो. आमच्या नाटकाच्या साउंडसारखा तो पोत्याने बास ओतणारा नसतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उंच, सडपातळ कॉलम स्पीकर, प्रत्येकाच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि साक्रिस्तीतल्या (फादरच्या तयारीच्या खोलीतल्या) अॅम्प्लिफायरवरून शंभर व्होल्टच्या लाइनने त्या सगळ्यांना एकाच वायरीवर गुंफलेलं. लांबच्या लांब वायर टाकूनही आवाज फारसा पडत नाही, म्हणून शाळा, रेल्वे स्टेशन, चर्च सगळीकडे हीच पद्धत. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छत, गुळगुळीत लादी. अशा जागेत शब्द घुमून एकमेकांवर चढतात. कॉलम आवाजाला आडवा पसरवतो आणि छताकडे कमी जाऊ देतो, म्हणून फादरचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत सुटे पोहोचतात. ज्याने कोणी ते बसवलं होतं त्याला काम कळत होतं.

आम्ही गेलो तेव्हा कीबोर्ड जोडण्याची तिथली पद्धत अशी: कोयर गातो त्या वरच्या माडीवर कीबोर्ड, त्याच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरसमोर एक माईक वाकवलेला. हाच माईक सोप्रानोंचा, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांचाही. म्हणजे कीबोर्ड वाढवला की बायका बुडायच्या, बायका पुढे आल्या की कीबोर्ड हरवायचा, आणि दोन्ही वाढवले की शिट्टी. लॅपटॉपही त्याच माईकसमोर ठेवून बघितला होता म्हणे.

मेस्तांबद्दल थोडं सांगायला हवं. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला जोडून संगीताच्या शाळा होत्या. पोरांना सोल्फेजो (स्वरलिपी बघून गाणं), व्हायोलिन, कोयरमधलं गाणं तिथे शिकवायचे आणि त्यातून पुढे मुंबईच्या सिनेमातले कितीतरी वादक निघाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. आमचे मेस्त त्याच शिस्तीतले. कागदावर स्वर दिसल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मी पेटीवर वाढलेला. ते म्हणत “जी मेजर”, मी मनात “पांढरी पाच” म्हणायचो आणि मग हात ठेवायचो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे बघून मित्राला विचारलं, “हो बाब नोट्स वाचता?” मित्राने सांगितलं, “वायरी वाचता.” तेवढ्यावर निभावलं.

आता जोडणीकडे. माडीपासून साक्रिस्ती म्हणजे चर्चची अख्खी लांबी, वर जिन्याची उतरण. एवढ्या अंतरावर साधी पी-३८ पिनची (जाड, पाव इंची) मोनो वायर टाकणं म्हणजे अँटेना टाकणं. सुदैवाने माडीवर भिंतीत कोयरच्या माईकसाठी दोन एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचे, सॉकेट आधीपासून होते. त्यातलं एक आम्ही वापरायचं ठरवलं. पण ती माईकची लाइन. माईकचा सिग्नल व्होल्टच्या हजाराव्या हिश्शात मोजायचा आणि कीबोर्डचा निघतो त्याच्या कितीतरी पट. थेट घातला तर अॅम्प्लिफायरचा माईक इनपुट फाटून बोलणार. त्यासाठी मध्ये डीआय बॉक्स लागतो. साधा, वीज न लागणारा घेतला. आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, बहुतेक बारास एक वेढ्यांचा. सिग्नल त्या प्रमाणात उतरतो, बॅलन्स्ड होतो (दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो), आणि दोन्ही बाजूंचा धातूचा संबंध तुटतो. यातलं शेवटचं किती कामाचं ते पुढे येईल.

कीबोर्डच्या मागे वेगळे लेफ्ट-राइट आउटपुट नव्हते. घरगुती कीबोर्डला असतो तसा हेडफोन आणि आउटपुट मिळून एकच स्टिरीओ जॅक. त्यात पिन घातली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. खाली बसलेल्यांना याने काही फरक पडत नाही, पण माडीवर गाणाऱ्यांचा आधारच जातो. त्यांना आवाज ऐकू येणार तो खालच्या कॉलमांतून आणि समोरच्या भिंतीवरून परत आलेला. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. वीस मीटरवरून येणारा सूर जवळपास ५८ मिलीसेकंद उशिरा कानात पडतो. वाजवणारा स्वतःला उशिरा ऐकतो, म्हणून थांबतो. त्याला ऐकून गाणारे आणखी थांबतात. एक साधं भक्तिगीत तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्ध्या लयीवर येतं. मेस्त नुसते हात हवेत ठेवून उभे. “हांगा कांयच आयकूंक येना!” त्यामुळे माडीसाठी वेगळा छोटा स्पीकर हवा हे नक्की झालं. बजेट वाढलं म्हणून समितीतल्या एकाने नाक मुरडलं, पण चर्चमध्ये कीबोर्ड जोडताना काही एक गोष्ट वगळायची नसेल तर ती हीच, असं माझं मत आहे.

लॅपटॉपची गंमत वेगळी. साक्रिस्तीतल्या खणात एक वायर तयारच मिळाली. एका टोकाला ईपी पिन, म्हणजे हेडफोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला एक्सएलआर, कोणीतरी सुबक झाळून दिलेली. चाचणीसाठी ती माझ्याकडच्या मिक्सरच्या माईक इनपुटला लावली आणि लॅपटॉपवर एक मराठी भजन लावलं. तबला ऐकू येतो, झांजा कडेला वाजतात, हॉलची घुमारी आहे, पण बुवा गायब! मित्राला वाटलं फाइल बिघडली. कारण झाळणीत होतं. ईपी पिनच्या टोकाला डावा चॅनल, कड्याला उजवा. ते जसेच्या तसे एक्सएलआरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांना जोडले होते. बॅलन्स्ड इनपुट या दोन पिनांतला फरक तेवढा पुढे पाठवतो. दोन्हीवर सारखं असेल ते रद्द करतो, कारण त्याच्या लेखी तो वाटेत शिरलेला गोंगाट असतो. आणि बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज दोन्ही चॅनलवर अगदी सारखा असतो. म्हणून बुवांनाच गोंगाट समजून बाहेर काढलं गेलं. त्या वायरीला मी गाठ मारून ठेवली, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. माईक इनपुटवर ४८ व्होल्टचा फँटम (माईकलाच त्याच्या वायरीतून दिलेली वीज) चालू असता तर तोही या वायरीतून सरळ लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर गेला असता. सुदैवाने तो बंद होता, लॅपटॉप वाचला.

शेवटी जी मांडणी केली ती अशी. माडीवर एक छोटा मिक्सर. कीबोर्ड एका स्टिरीओ चॅनलवर, लॅपटॉप दुसऱ्यावर, दोन्हींना ईपी किंवा स्टिरीओ पिनेतून दोन पी-३८ फुटणारी वायर. मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर माडीवरचा स्पीकर. आणि चर्चकडे जाणारा सिग्नल मुख्य आउटपुटमधून न घेता ऑक्झिलरी सेंडमधून, म्हणजे स्वतःचं वेगळं बटण असलेल्या दुसऱ्या वाटेने, काढला. अशा छोट्या मिक्सरवर स्टिरीओ चॅनलचा डावा-उजवा एकत्र होऊन त्या सेंडमध्ये मोनो निघतो, आणि कॉलमना मोनोच हवा असतो. शिवाय माडीवरचा आवाज कमीजास्त केला तरी खाली काही बदलत नाही. सेंडमधून डीआय बॉक्स, डीआयमधून भिंतीतलं सॉकेट, तिथून साक्रिस्ती. स्टिरीओचं मोनो केल्यावर कीबोर्डचा पियानो जरा पोकळ वाटायला लागला. दोन-तीन पियानो वाजवून त्यातल्या त्यात भरीव निवडला.

मग घुमघुम. या कामात सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला.

पहिली घुमघुम जाड, खर्जातली, पन्नास हर्ट्झची, एखादा बुवा सतत “हूं” धरून बसल्यासारखी. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबायची. चार्जर तीन पिनांचा, त्याची अर्थिंग माडीवरच्या सॉकेटची. अॅम्प्लिफायरची अर्थिंग साक्रिस्तीतली. दोन्हींना जोडणारी ऑडिओ वायरीवरची तारांची जाळी. दोन अर्थिंगमध्ये जरा जरी फरक असला तरी त्या जाळीतून करंट वाहतो आणि तो ऐकू येतो. डीआय बॉक्सवर यासाठीच ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते दाबलं आणि “हूं” गेलं. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. याच घुमघुमीवर आपल्याकडचा रूढ इलाज म्हणजे चार्जरची किंवा अॅम्प्लिफायरची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणं. मी मांडवात, देवळात, सगळीकडे ते पाहिलंय. आवाज जातो, पण एखादं उपकरण आतून बिघडलं तर धातूच्या माईकला ओठ लावणाऱ्याचं रक्षण करणारं मग काही उरत नाही. पावसाळ्यात भिंती ओल धरणाऱ्या गोव्यात तर हा खेळ नकोच. ऑडिओची जाळी तोडा, विजेची अर्थिंग तोडू नका.

जाड घुमघुम गेल्यावर तिच्याखाली लपलेली बारीक चिरचिर वर आली. माउस हलवला की चिर्र, स्क्रीनवर काही उघडलं की चिर्र. चार्जर काढूनही तशीच. ही भानगड माडीवरच्या माडीवर होती. कीबोर्ड आणि लॅपटॉप यूएसबीने जोडलेले, आणि दोघेही ऑडिओने एकाच मिक्सरला जोडलेले. म्हणजे पुन्हा एक वर्तुळ, आणि त्यात लॅपटॉपच्या आतल्या पुरवठ्याची सगळी कुरकुर फिरत राहते. १९८३ साली मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत, ठरवणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीत घेणाऱ्या बाजूला प्रकाशाने सिग्नल ओलांडणारा ऑप्टोकपलर असतो, धातूला धातू लागतच नाही. स्वस्त कीबोर्डांना आता यूएसबीच असते, सोय झाली आणि चिरचिर आली. लॅपटॉपच्या ऑडिओ वायरीत एक छोटी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी घातली आणि विषय मिटला.

तरीही एक तिखट “झझझ” अधूनमधून उरायची. कधी येते, कधी जाते, कळेना. मेस्तांनीच ती पकडली. घाम आला म्हणून त्यांनी उठून पंख्याचा रेग्युलेटर फिरवला आणि झझझची जात बदलली. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचा थोडा थोडा भाग कापून पंखा हळू करतो, आणि प्रत्येक कापाबरोबर आसपासच्या वायरींत एक चरचर सोडतो. माईकच्या लाइन पंख्याच्या वायरींसोबत एकाच पट्टीतून गेल्या होत्या. पण बॅलन्स्ड लाइनने हे झेलायला हवं होतं. खाली जाऊन अॅम्प्लिफायरच्या मागे पाहिलं: भिंतीत एक्सएलआर, पण अॅम्प्लिफायरला इनपुट पी-३८चे, अनबॅलन्स्ड. तीन नंबरची पिन शेवटच्या वीतभर वायरीत जाळीला मिळवून टाकलेली. सगळ्या वाटेवर दोन तारा जपून आणायच्या आणि दारात एक सोडून द्यायची! तिथे एक लाइन ट्रान्सफॉर्मर लावला. झझझ इतकी पडली की शांत चर्चमध्ये कान लावूनच ऐकू यावी. तो ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत मात्र पंखे एक तर बंद नाही तर पूर्ण वेगात, असा हुकूम होता. पूर्ण वेगात रेग्युलेटर जवळजवळ काही कापत नाही. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी शाली पांघरून ते सहन केलं.

लॅपटॉपच्या आतल्या गोष्टी पटकन सांगतो. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने आवाज काढला तर पट्टी दाबल्यावर ऑर्गन एवढा उशिरा बोलायचा की वाजवणं अशक्य. त्यासाठी असिओ नावाचा जलद ड्रायव्हर घालून बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठतो तो टप्पा) २५६ नमुन्यांवर आणला. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराला ते सव्वापाच मिलीसेकंदांच्या आसपास होतात. त्याखाली गेलो की हा लॅपटॉप तडतडायचा. वायफाय बंद, नोटिफिकेशनचे आवाज बंद, स्क्रीन झोपणं बंद. कीबोर्डमध्ये ‘लोकल ऑफ’, नाही तर पट्टी दाबली की सर्कशीचा ऑर्गन आणि खरा ऑर्गन दोन्ही एकदम वाजतात. मेस्तांना उरलेल्या उशिराचं काही वाटलं नाही. नळ्यांचा ऑर्गन मुळातच जरा उशिरा बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

पण एका गोष्टीवर त्यांची माझी खडाजंगी झाली. त्यांनी सोळा फुटी स्टॉप ओढला. स्टॉप म्हणजे नळ्यांची एकेक ओळ चालू करणारी खुंटी, आणि तिच्यावर नळीची लांबी फुटांत लिहिलेली असते. आठ फुटी स्टॉप पट्टीवर आहे तोच सूर देतो, सोळा फुटी त्याच्याखालचं सप्तक. सोळा फुटीचा सर्वात खालचा सी सुमारे ३३ हर्ट्झचा. घरी हेडफोनवर पोटात जाणारा हा सूर कॉलममधून येणं शक्यच नाही. त्यांच्यातले ट्रान्सफॉर्मर तेवढ्या खालच्या आवाजाने नुसते तुंबतात, अॅम्प्लिफायर दमतो, आणि त्याच वेळी चालू असलेला फादरचा माईक घोगरा होतो. मी डीआयकडे जाणाऱ्या सिग्नलचा खर्ज छाटून टाकला होता. मेस्तांना वाटलं मी त्यांचा ऑर्गन अर्धा कापला. मग त्यांना खाली शेवटच्या बाकावर बसवलं, मित्राने वर आधी सोळा फुटीसकट आणि मग आठ व चार फुटी एवढेच वाजवले. ते परत वर आले, सोळा फुटी स्वतःच्या हाताने ढकलून आत घातला आणि काही बोलले नाहीत. सॉफ्टवेअरमधली घुमारीही आम्ही काढून टाकली. ती द्यायला चर्चच्या भिंती आहेतच.

फादरची परीक्षा शेवटी झाली. ते पुढे उभे राहून वाचत होते, मी साक्रिस्तीत, मित्र वर एक सूर धरून. त्यांच्या माईकच्या बटणांना आम्ही हातच लावला नव्हता. आमचा चॅनल एवढाच वाढवला, की ऑर्गन चालू असतानाही शेवटच्या बाकावर शब्द अर्ध्यात तुटू नये. तिथे रंगीत टेपचा बारीक बाण चिकटवला, आणि माडीवरच्या मिक्सरवरही. बाणाच्या पुढे कोणी जायचं नाही. नोव्हेनाच्या दिवसांत कोणीतरी गेलंच. फादरनी सेर्मांव मध्येच थांबवून माडीकडे नुसतं पाहिलं आणि बटण खाली आलं.

फेस्ताची मीस चांगली झाली. निघताना मेस्त “देव बरें करूं” म्हणाले आणि लगेच कामाचं बोलले. लॅपटॉप मित्र दर वेळी घरी नेतो, ओलीपासून जपायला. मिक्सर आणि डीआय माडीवरच्या कपाटात असतात, जॅक हिरवे पडू नयेत म्हणून डब्यात. पुढच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात ऑर्गन एकट्याने वाजवायचा नसतो, गाण्याला आधारापुरताच. मोतेतांना, म्हणजे त्या काळात गायच्या भक्तिगीतांना, तर त्यांना लॅपटॉप नकोच होता. ती व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बासवरच झाली पाहिजेत, हे मलाही पटलं. मात्र डबल बाससाठी त्यांना मिक्सरवर एक माईक हवा होता. कॉलममधून तो यायचा नाही हे सोळा फुटीवरून त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलंच. मी सांगितलं, माईक नको. वादकाला कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्याला पाठ करून उभा करा, खर्ज आपोआप वाढेल. कोणता कोपरा, ते बघायला त्यांनी मला एका संध्याकाळी पुन्हा बोलावलं आहे.